तोंडी बोलावणं

महिपतीला आमच्या रोह्यात आडनावाने कोणी ओळखत नाही. माइकवाला महिपती एवढं म्हटलं की नदीपलीकडच्या अष्टमी गावापासून कोलाडपर्यंत कुणीही त्याचं घर दाखवेल. मात्र हल्ली घर ठाऊक असूनही तिकडे कुणी फिरकत नाही, आणि का फिरकत नाही ते सांगायलाच मी हे लिहायला घेतलं आहे. मी काही लेखक नव्हे. एस.टी. स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे बसून वर्षानुवर्षं मी महिपतीच्या जाहिरातींचे मजकूर लिहिले, एवढाच माझा साहित्याशी संबंध. स्वभावाने मी तिरसट आहे. तशी पाटीच दुकानावर लावा, म्हणजे गिऱ्हाइकाला आधीच कळेल, असं आमची बायको म्हणते.

पुंडलिकची रिक्षा, टपावर दोन कर्णे, मागच्या सीटवर बॅटरी आणि बॅटरीशेजारी मांडी घालून बसलेला महिपती, हे दृश्य आमच्या पिढीने रोज पाहिलं. चादरी-सतरंज्यांचा सेल असो, नाटक असो, क्रिकेटचे सामने असोत, नाहीतर उद्या नळाला पाणी येणार नाही ही नगरपालिकेची सूचना असो, ती महिपतीच्या तोंडून आली की पक्की. कुंडलिकेचं पाणी चढायला लागलं की नदीकाठच्या लोकांना घरं सोडायला तोच सांगत फिरायचा. लोक पोलिसांशी वाद घालायचे, पण महिपतीचं ऐकून भांडीकुंडी उचलायचे.

मी मजकुराच्या शेवटी 'अवश्य भेट द्या' असं लिहायचो. ते तो खोडायचा. "नाना, भेट कोण देतंय? माणसं येतात," असं म्हणून तो आपलं 'यायचं बरं का मंडळी' घालायचा. ते असं काही म्हणायचा की चुलीपुढची बाई हात पुसून पिशवी शोधायला लागावी. त्याचा एक नेम होता. ज्या घरात मयत झालेली असेल, त्या घराच्या अलीकडेच तो माइक बंद करायचा आणि पुढच्या वळणापर्यंत रिक्षा मुकाट जायची. त्यामुळे पुष्कळदा कुणाकडे काय झालं हे लोकांना महिपतीच्या गप्प होण्यावरूनच कळत असे.

घरात मात्र तो फारसा बोलत नसे. त्याची बायको सरू म्हणायची, "बाहेर सगळा आवाज खपवून येतात, मग घरात नुसती मान हलते." मुलगी रोहिणी लग्न होऊन पेणला गेली, पुढे सरूही वारली, आणि महिपती दोन खोल्यांत एकटा उरला. तरी दिवसभर मुलखाशी बोलणाऱ्या माणसाला संध्याकाळची शांतता सोसते. उलट ती हवीशी वाटते, असं तो मला सांगायचा.

आता त्याच्या बहिणीबद्दल सांगितलं पाहिजे. हौसाबाय त्याची थोरली बहीण, हायवेवरच्या खांब गावी दिली आहे. आई लहानपणीच गेली, तेव्हा हिनेच महिपतीला कडेवर वागवलं. भातलावणीला जाताना त्याला बांधावर छत्रीखाली निजवायची आणि तो रडला की चिखलाच्या हातानेच उचलायची. तो तिला 'बाय' म्हणतो. दोघांत मायलेकरांचंच नातं होतं, आणि ते एका पत्रिकेवरून तुटलं.

आमच्याकडे पत्रिका ही भिंतीला लावायला असते. खरं बोलावणं तोंडी. घरातलं माणूस दारात येऊन 'यायचं' असं म्हणतं, तेव्हा बोलावणं पोचलं. शेजारपाजारचं एकवेळ चालतं, पण बहिणीच्या दारात भावाने स्वतः जावं लागतं. रोहिणीच्या लग्नाच्या वेळी नेमकी निवडणूक होती. महिपतीचं तोंड सकाळपासून भाड्याने गेलेलं. त्याने पुंडलिकच्या हाती बहिणीकडे पत्रिका पाठवली. हौसाबायला वाचता येत नाही. तिने ती पत्रिका पुंडलिकसमोर चुलीजवळच्या डब्यावर ठेवली आणि म्हणाली, "सगल्या मुलखाला वरडून बोलावतो, आन् मला कागद धाडतो? मला वाचाय येत नाय ते त्याला ठावं नाय? त्याला सांग, तोंडानं बोलवाय येल तवाच मी त्याची पायरी चढंन."

ती लग्नाला आली नाही. महिपतीलाही राग आला. बहीण असून एवढ्यातेवढ्याचं धरून बसते, म्हणाला. चूक त्याची होती, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. पण माणूस चुकला की जास्तच ताठतो. सरू गेली तेव्हा हौसाबाय आली, कारण मयताला बोलावणं लागत नाही. बायकांत बसली, रडली, आणि पाण्याचा घोट न घेता निघून गेली. त्यानंतर वर्षं गेली. खांबवरून जाहिरातीची फेरी करताना महिपती तिच्या घराच्या बाजूला बघत नसे, असं पुंडलिक सांगतो. फक्त तिथे आवाज थोडा चढवायचा.

गेल्या वर्षी त्याचा घसा बसला. आधी आल्याचे तुकडे, मग हळददूध, मग इथला डॉक्टर, मग मुंबई. कर्करोग निघाला. ऑपरेशन करून गळ्यातली आवाजाची पेटीच काढली. महिपती घरी आला तेव्हा त्याच्या गळ्याला भोक होतं, श्वास तिथूनच. रोहिणीने पांढऱ्या कापडाची छोटी झालर शिवली, ती तो गळ्यावर बांधायचा. हॉस्पिटलातून गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून मिक्सरसारखी घरघर यायची. त्याने ते एकदा लावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. पुढे लहान मुलांची पाटी वापरायला लागला.

सुरुवातीला घरी रीघ लागली. इतकी मोसंबी आली की ती शेजाऱ्यांत वाटावी लागली. लोक येऊन त्याच्याशी मोठ्याने बोलायचे. आवाज गेलेल्याला ऐकूही येत नसेल असं आपल्या लोकांना का वाटतं, देव जाणे. महिपती हसायचा आणि पाटीवर लिहायचा, "बहिरा नाही." त्याला आवडायचं ते. सगळे गेल्यावर तो मला मात्र एकच लिहून दाखवायचा, "बाय आली नाही." आजारपणाला बोलावणं लागतं की नाही, याबद्दल आमच्याकडे दोन मतं आहेत. मी म्हणायचो, "येईल." तो सरूची गोधडी काढून उन्हात टाकायचा. बहीण आली तर राहील, म्हणून.

आणि मग आमचे जावईबापू अवतरले. रोहिणीच्या नवऱ्याचं, प्रणितचं, पेणला बॅनर छापायचं दुकान आहे. मला तो आवडत नाही, पण तो वाईट मुलगा नाही. सासऱ्याच्या हॉस्पिटलात त्याने रात्री काढल्या. कुठलीही गोष्ट फुकट मिळते म्हटलं की त्याच्या डोळ्यांत चमक येते, एवढंच. हल्ली इंटरनेटवर फुकट एआय मिळतं. त्याला सांगितलं की चित्र काढतं, गाणं रचतं, आवाज बनवतं. दर महिन्याला ठराविक मिनिटं फुकट, मग पैसे. प्रणितने त्यावर उपाय काढला होता. मिनिटं संपली की तो नव्या नावाने नवं खातं उघडायचा. स्वतःची नावं संपली, रोहिणीची संपली, मग आत्या, मावश्या, शेवटी दुकानातल्या मांजरीच्या नावानेसुद्धा खातं होतं.

त्याच्याकडे महिपतीच्या जुन्या जाहिरातींचा पेन ड्राइव्ह होता. एका रविवारी तो आणि रोहिणी आली. मीही तिथेच होतो. "मामा, तुमचा आवाज परत आणलाय," असं म्हणून त्याने फोन पुढे धरला. फोनमधून महिपती बोलायला लागला. "नमस्कार मंडळी, मी महिपती बोलतोय." तोच खर्ज, तोच 'मंडळी'वरचा हेलकावा. रोहिणी रडायला लागली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? महिपतीने मात्र हात गळ्यावर नेला आणि तिथेच ठेवला. मग पाटीवर लिहिलं, "हे मी कधी बोललो?" प्रणित खुशीत म्हणाला, "तेच तर, मामा. तुम्ही बोलला नाहीत. मी टाइप केलं."

त्याचा हेतू चांगला होता. मामांचा धंदा चालू राहील, नाव राहील, दोन पैसेही येतील. महिपतीने मान हलवली. नको कसं म्हणणार? पोरगा एवढ्या मायेने घेऊन आला होता.

झालं, दुसऱ्याच आठवड्यात पेणहून एक रिक्षा निघाली. पेण, नागोठणे, खांब, कोलाड, रोहा. टपावर महिपतीचा आवाज, बाजूला महिपतीचा फोटो. तो फोटोही एआयचाच. त्यात महिपतीला कोट होता आणि झुबकेदार मिशी होती. ह्या माणसाने जन्मात मिशी ठेवली नाही. मजकूरही मशीनच लिहायचं, त्यामुळे माझं लिहिण्याचंही काम गेलं ते वेगळंच. पहिली जाहिरात गाद्यांची होती, 'आपल्या स्वप्नातील गादी आता आपल्या शहरात.' मी प्रणितला विचारलं, "अरे, गादीवर निजल्यावर स्वप्नं पडतात. स्वप्नात गादी कुणाला दिसते?" तो म्हणाला, "काका, फुकटात एवढंच मिळतं." शेवटी 'यायचं बरं का मंडळी' मात्र होतं.

लोकांना वाटलं महिपती बरा झाला. यात लोकांचा काय दोष? कर्ण्यातून धडधडीत त्याचा आवाज येतोय, आणि त्यात ह्याच दिवाळीचे सेल, कालच उघडलेली दुकानं. म्हणजे जुनी टेप नव्हे. ज्याचा आवाज रस्त्यावर फिरतो, त्याला बघायला घरी कोण जाईल? येणारे एकेक करून थांबले. चहावाला मला म्हणाला, "काल ऐकलं ना त्यांना कोलाडला. एकदम टकाटक." मी समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "महिपतभाऊ पुन्हा फिल्डवर आले."

फोन यायचे. महिपती सवयीने उचलायचा. पलीकडचा 'हॅलो हॅलो' करायचा आणि इकडून नुसता गळ्यातला वारा. मग फोन कट. लोक म्हणायला लागले, आता बोलायलाही पैसे मागेल, माज आलाय. एकदा ती रिक्षा मयत झालेल्या घरापुढून गादीची जाहिरात करत गेली. रिक्षावाल्याला कुठून कळणार, आणि आवाजाला तर कळतच नाही. त्या घरातला माणूस भांडायला महिपतीच्या दारात आला. "तुला तरी अक्कल हवी होती," म्हणाला. महिपती दारात हात जोडून उभा राहिला. आपली बाजू मांडायला त्याच्याजवळ पाटी होती, पण ती आत पलंगावर. ती आणेपर्यंत माणूस निघून गेला. हे त्याने मला नंतर लिहून दाखवलं. इतकं एकाकी झालेलं माणूस मी पाहिलं नाही. स्वतःचाच आवाज त्याच्या जागी जाऊन बसला होता, आणि ह्याला कुणी जागा द्यायला तयार नव्हतं.

तरी त्याचा एकच घोशा होता, बाय का आली नाही. शेवटी मी स्टँडवरून मिनिडोर, म्हणजे आमच्याकडची सहा आसनी रिक्षा, पकडली आणि खांबला गेलो.

हायवेपासून थोडं आत त्यांचं घर. हौसाबायचे यजमान हैबतराव ओटीवर बसले होते. त्यांनी आत हाक मारली, "अगो, रोह्याचं पाव्हणं आलंय." हौसाबाय बाहेर आली. तब्येतीचं विचारलं, पाणी दिलं. मी विषय काढताच म्हणाली, "नाना, तुम्ही शिकलेली माणसं. माझ्याशी खोटं कशाला बोलता?"

तिने सगळं सांगितलं. रुसव्यामुळे कचरत रोहिणीने फोन केला तोच उशिरा, दिवाळीच्या तोंडावर, की बाबांचं घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेलाय. ते ऐकून ती रातभर निजली नाही. गेला तो रुसवा खड्ड्यात, भाव जगला पायजे, म्हणून वालांची पिशवी भरली, पापड बांधले, लुगडं काढून ठेवलं. सकाळी निघणार, तर हायवेवरून तो आवाज आला.

"मी अशी दारात हुबी, पिशवी हातात. आन् तो वरडतोय, यायचं बरं का मंडळी. मला वाटलं, बरा हाय तर हा. आवाज गेला म्हणं! मला बोलवायला नको म्हणून पोरीला खोटं सांगाय लावलंन. पिशवी परत रिकामी केली मी."

मी म्हटलं, "हौसाबाय, तो आवाज यंत्राचा आहे."

"यंत्राला माझ्या भावाचा आवाज कुठनं येल?"

"जुन्या टेपवरून बनवतात."

"जुन्या टेपेत औंदाची दिवाळी कशी?"

मी पुढे सांगू लागलो, पण माझं मलाच खरं वाटेना. मग फोन काढून महिपतीचा हॉस्पिटलातला फोटो दाखवला. तिने तो नीट पाहिलासुद्धा. म्हणाली, "रिक्षावर बी फोटो हाय. त्यात मिशी हाय. माझ्या भावाला मिशी नाय. तो फोटो खोटा, तर ह्यो खरा कशावरनं?"

ह्याला उत्तर असेल तर मला कुणीतरी कळवा. अडाणी म्हणून मी तिला समजवायला गेलो होतो, आणि सरळ विचार तीच करत होती. उठताना ती एवढंच म्हणाली, "गाद्या घ्यायला बोलावतो ना लोकांना? मग एक डाव माझ्या दारात येऊन म्हणंल तर त्याच्या तोंडाला काय व्हतंय? मी कधीची तयार हाय."

परत आल्यावर मी काही लपवलं नाही. महिपती ऐकताना खाली बघत होता. पिशवीचं सांगितलं तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

रविवारी प्रणितने ऐकलं आणि लगेच म्हणाला, "सोपं आहे, मामा. तुमच्या आवाजात आत्यांना बोलावणं बनवू. दारात जायचं, फोन लावायचा, प्ले करायचं." मला ते पटलं नाही, पण दुसरा रस्ता दिसत नव्हता. तोंडाने बोलता येत नाही, कपाटातल्या यंत्राला तो हात लावत नाही, लिहिलेलं तिला वाचता येत नाही. मजकूर अर्थात मी लिहायला घेतला. 'प्रिय भगिनी, झालं गेलं विसरून' वगैरे. महिपतीने तो वाचला, खोडला आणि खाली लिहिलं, "बाय, घरी चल."

प्रणितने ते टाइप केलं. फोनमधून आवाज आला, "बाय! घरी चल!" सतरंज्यांचा सेल असावा तसा. रोहिणीला आधी हसू आलं आणि मग तिने पदर तोंडावर धरला. प्रणितने हळू म्हणायला सांगितलं, दुःखी म्हणायला सांगितलं. यंत्राने हळू म्हटलं तरी सेलच, दुःखी म्हटलं तरी सेलच. मिनिटं संपली, नवं खातं उघडलं, तरी तेच. कारण पेन ड्राइव्हवर होत्या त्या सगळ्या जाहिराती. बहिणीला हाक मारतानाचा, सरूला चहा मागतानाचा, पोरीला निजवतानाचा महिपतीचा आवाज कुणी कधी साठवलाच नव्हता. त्याचं कुणाला काम पडेल असं वाटलं नव्हतं. तो कायमचा गेला होता, आणि हे त्या खोलीत आम्हाला सगळ्यांना एकदमच कळलं.

महिपतीने फोन प्रणितच्या हातात परत दिला. पाटीवर लिहिलं, "असाच जातो."

दुसऱ्या दिवशी मी आणि तो खांबला गेलो. वाटेत त्याने मला लिहून बजावलं की मी तोंड उघडायचं नाही. हायवेची धूळ गळ्यात जाऊ नये म्हणून त्याने वरून मफलर गुंडाळला होता. मिनिडोरमध्ये शेजारच्या माणसाने त्याला ओळखलं आणि विचारलं, "काय महिपतभाऊ, आज सुट्टी?" त्याने मान हलवली.

आम्ही अंगणात पोचलो तेव्हा हौसाबाय ओटीवर पाण्यात भिजवलेले वाल सोलत बसली होती. भाऊ दिसताच तिचे हात थांबले. ती उठली नाही. हैबतराव म्हणाले, "अगो, भाव आलाय तुझा."

"दिसतोय मला," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "बोल."

महिपती पायरीखाली उभा. तिने पुन्हा म्हटलं, "आलास तर बोल की. सगल्या जगाला बोलावतोस." त्याने मफलर सोडला. मग गळ्यावरची झालर वर केली. ते भोक उन्हात स्पष्ट दिसत होतं. मग त्याने ओठ हलवले. 'बाय, घरी चल.' ओठांवरून मला तरी स्वच्छ वाचता आलं. बाहेर मात्र काही आलं नाही, गळ्यातून फक्त वारा सुटला आणि कापडाची कड हलली.

हौसाबाय वाल टाकून खाली आली. ओल्या हाताने त्याची हनुवटी वर केली आणि बघत राहिली.

"पुन्यांदा बोल," म्हणाली.

त्याने पुन्हा ओठ हलवले. पुन्हा वारा.

ती पायरीवर बसली. "तुला काय काय सुनवायचं ते मी मनात धरून ठेवलं व्हतं रं," ती म्हणाली. "तू बोलशील, मी उलट बोलंन, तू परत बोलशील. रोज भात कांडताना तेच म्हणत व्हते. आता तू उलट बोलायचाच नायस, तर मी भांडू कुणाशी?"

महिपती तिच्याजवळ खालच्या पायरीवर बसला आणि त्याने डोकं तिच्या गुडघ्याला टेकलं. हैबतराव उठून गोठ्याकडे गेले. मीही त्यांच्या मागोमाग गेलो. तिरसट माणसालाही काही वेळा गोठ्यात काम निघतं.

हौसाबाय त्याच संध्याकाळी रोह्याला आली. सोललेले वाल डब्यात घालून आणले, बिरडं केलं, उन्हात वाळवलेल्या गोधडीवर निजली. राहिली तोवर तिने सगळी साठवण बाहेर काढली. पत्रिकेपासून सुरुवात केली. ती भांडायची आणि महिपती मान हलवायचा. समोरून उत्तर येत नसेल तर भांडण किती चालणार? चार दिवसांत तिची शिदोरी संपली. मग ती त्याच्या शेजारी नुसती बसून राहायला लागली. एकदा रस्त्यावरून ती रिक्षा गेली. महिपतीने उठून खिडकी लावली. हौसाबाय म्हणाली, "राहू दे की उघडी." त्याने ऐकलं नाही.

शेवटी शेतीची कामं आली, हैबतराव एकटे, तिला जावंच लागलं. घर पुन्हा होतं तसं झालं. उलट वाईट झालं. कारण आधी त्याला निदान कुणाची तरी वाट बघायची होती.

त्यानंतर त्याने मला पाटीवर लिहून सांगितलं की हे सगळं बंद करायचं. प्रणितला तो तसं सांगणार होता. मलाही बरं वाटलं. मी तर म्हटलं, त्या मिशीचा बॅनर मी स्वतः जाळतो.

मध्यंतरी मला एका कामासाठी कोलाडला जायचं होतं, तर तसाच पुढे खांबला गेलो. हौसाबायच्या घराजवळ ती रिक्षा उभी होती, कर्णा चालू. गाद्या, उशा, सोबत एक चादर मोफत. आजूबाजूला गिऱ्हाईक कुणी नव्हतं. रिक्षावाला चहा पीत होता, तो हौसाबायनेच दिलेला. ती पायरीवर, हात मांडीत धरून, ऐकत बसली होती. मला बघून ओशाळली.

"मला ठावं हाय, तो नाय त्यो," ती म्हणाली. "पर दुसरीकडं कुठं आयकू?"

हे महिपतीला सांगावं की नाही, मला कळेना. रविवारी प्रणित आणि रोहिणी आली. महिपतीने 'बंद कर' एवढं लिहिलं होतं आणि प्रणित वाईट वाटून का होईना, बरं म्हणत होता. तेव्हा मला राहवलं नाही. खांबला जे पाहिलं ते मी सांगून टाकलं.

महिपतीने पाटी मांडीवर घेतली. बराच वेळ ती पुसतच बसला, पुसायला काही नसताना. मग लिहिलं, "रोह्यातली बंद कर. खांबची राहू दे."

प्रणितला कळलं नाही. "मामा, खांबला गिऱ्हाईक कुठंय?" तो म्हणाला. "एकट्या खांबला कोण दुकानदार जाहिरात देईल? आणि जाहिरातच नसेल तर मी टाइप काय करू?"

महिपतीने लिहिलं, "काहीही."